ग्रहणाच्या दुपारी रांगेतली बाई

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने या सदरात लिहावं, हे माझं मलाच पटत नाहीये. भुतंखेतं, देवचार, चकवा... वर्गात कुणी असला विषय काढला की मी त्याची सालटी काढायचो. आजही काढतो. तरी लिहितोय. बायको सोडून हे कुणाला सांगितलेलं नाही आणि आता पोटात ठेवणं जड जातंय.

२००४ पासून मी कसालच्या जवळपास एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत आणि एप्रिल संपला की घरी. खगोलशास्त्राचा पेपर घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो माझ्या गळ्यात मारला होता. मला मात्र तो मनापासून आवडायचा. कायम झालो तर गच्चीवर दुर्बीण बसवायची, असली स्वप्नं बघत सहा वर्षं काढली.

घर मालवणात. वडील मी चौथीत असताना गेले. आई किनाऱ्यावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात बसून विकायची. त्यावरच मी एम.एस्सी. झालो. आणि कॉलेजात कुणी घरचं विचारलं की मी काय सांगायचो? "आमचा मालवणात व्यवसाय आहे." खोटं नव्हतं ना! पुढे कुणी खोदून विचारलं तर मी विषय बदलायचो. लिहितानाही कान गरम होतायत, पण खरं ते खरं.

आईची एकच हौस होती. "तुझा कॉलेज एकदा माका बघूचा आसा रे." मी दर वेळी काहीतरी सांगून टाळायचो... परीक्षा चालू आहेत, प्राचार्य कडक आहेत, एसटीत तुझे हाल होतील. मग जानेवारी २०१०चं सूर्यग्रहण आलं. भर दुपारी कॉलेजच्या पटांगणात दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून दाखवायची, असं मी ठरवलं होतं. हे घरी बोलून बसलो, आणि तिने ते धरूनच ठेवलं. "गिराणाक बाजार बंदच आसतलो. मी येतंय. तुझो सूर्य बघतंय नि परत येतंय."

डिसेंबरअखेरीला बाजारातल्या ओल्या पायरीवरून घसरून तिचा उजवा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? चला, आता ती येणार नाही. हो, हाच विचार आला... काय करू.

कारण त्या दिवशी विद्यापीठातून एक ज्येष्ठ प्राध्यापक येणार होते. पूर्णवेळ जागेची मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती आणि ते त्या समितीवर होते.

ग्रहणाच्या दिवशी सगळं छान जमलं. आभाळ स्वच्छ. गावातली माणसं दारं लावून घरात बसली होती, पण मुलांची रांग मोठी होती. सव्वाच्या सुमाराला ऊन पिवळट, मलूल झालं. आंब्याखालचे उन्हाचे कवडसे चंद्रकोरीसारखे दिसायला लागले, तेव्हा मुलं ओरडलीच. प्राध्यापक माझ्या शेजारी उभे राहून खुशीत बघत होते. मी तर हवेतच होतो.

रांग पुढे सरकली आणि पुठ्ठ्यासमोर आई उभी राहिली.

हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, अंबाड्यात अबोली. वाकून तिने पुठ्ठ्यावरचा सूर्य पाहिला. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "इतकोच?"

मागची दोन पोरं फिदीफिदी हसली. प्राध्यापकांनी हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीच्या का?"

"नाही सर," मी म्हणालो. "गावातल्या असतील." आणि तिच्याकडे वळून, अगदी शुद्ध मराठीत, "मावशी, पुढे व्हा. मागे मुलं खोळंबलीत."

तिचं हसू गेलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं. "बरा, सर," म्हणाली आणि पटांगणातून चालत गेली.

चालत गेली! आणि मी गाढव, आईचा पाय मोडलाय हे मला आठवलंसुद्धा नाही. मला फक्त तिचं लुगडं दिसत होतं आणि शेजारी उभे असलेले साहेब. पाच-दहा मिनिटांनी दुर्बीण नीट करताना एकदम डोक्यात वीज पडल्यासारखं झालं. काम एका विद्यार्थ्यावर टाकून फाटकाकडे पळालो. शिपायाने कुणाला आत येताना पाहिलं नव्हतं की बाहेर जाताना. रस्ता रिकामा. आमच्या शेजारच्या शेवंताकाकीला मोबाईल लावला. ग्रहणभर ती आईजवळ बसणार होती.

"आवस हयच आसा, खाटीर," काकी म्हणाली. "पंधरा-वीस मिनटां डोळो लागललो तिचो. गिराणात झोपा नये म्हणान कितीदा सांगतंय, पण आयकता कोण!"

 उन्हात डोकं फिरलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण चहाच्या वेळी प्राध्यापकच म्हणाले, "ती हिरव्या लुगड्यातली बाई... अहो, अशा बायका ग्रहणात घराबाहेर पडून सूर्य बघतात, म्हणजे तुमचं काम पोचलंय." मुलाखतीतही त्यांनी तीच गोष्ट इतर सदस्यांना कौतुकाने सांगितली. माझी निवड झाली.

ग्रहणाच्या त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आई खाटेवर उशीला टेकून बसली होती. जुनं पातळ, प्लास्टरमधला पाय पुढे पसरलेला. काकी चहा ठेवायला आत गेली.

"आज माका सपान पडला," आई म्हणाली. "तुझ्या कॉलेजात गेललंय. पुठ्ठ्यार सूर्य होतो, खोबऱ्याच्या कातळीएवढो. पण झिला... तू माका मावशी म्हणालंस रे."

मी खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली.

"कोणतरी मोठो मानूस होतो तुझ्या वांगडा. म्हणान म्हणालंस मा?"

तिने मला वाट काढून दिली होती, बघा. 'हो, चुकलो,' एवढं म्हणून पाय धरायचे होते. मी काय म्हणालो? "सपान ता, आई. सपनात काय पण दिसता." आणि कपडे बदलायला निघून गेलो.

काय होतं ते? चार माणसांना एकच भास एकाच वेळी कसा होतो? पस्तीस किलोमीटरवर खाटेवर पडलेली बाई रांगेत कशी उभी राहते? माझ्या विषयात याला उत्तर नाही. दुसऱ्या कुणाच्या विषयात असेल, असंही वाटत नाही. मी शोधणं सोडून दिलंय.

मार्चमध्ये तिचं प्लास्टर निघालं. जूनमध्ये मला कायम नेमणुकीचं पत्र मिळालं. पहिल्या दिवशी मी मित्राची गाडी मागून आणली, दारात उभी केली आणि म्हटलं, "आई, चल. आज कॉलेज बघ. सगळ्यांक सांगतंय, ही माझी आवस."

ती कोलंबीची टरफलं काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नको रे झिला. माझा बघून झाला."

रागावलेली नव्हती. मी दोन-तीनदा विनवलं, तेव्हा "तुका उशीर होयत, जा," एवढंच म्हणाली. पुढच्या वर्षी ती गेली. कॉलेजात मात्र कधी आली नाही.