कापूस वेचणाऱ्यांना कुणी विचारलं?

मेश्राम सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सिटिझनशिपचे प्रश्न पाठ करत होते. मुलगा म्हणाला, "आई, आज राहू दे." मी पुस्तक मिटलं नाही. मिटलं असतं तर सर रागावले असते...

सर यवतमाळचे, मी वर्ध्याकडची. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात ते गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर रविवारी बुद्धवंदना आटोपली की मुलांकडे येऊन राहिलेल्या आम्हा बायकांना बेसमेंटमध्ये बसवून शिकवायचे. माझी शाळा चौथीत सुटली, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. सर मुद्दाम मलाच आधी विचारायचे.

इथलं सिव्हिल वॉर कशामुळे झालं, असा एक प्रश्न होता. तीन उत्तरांपैकी कोणतंही चालतं. "'स्टेट्स राइट्स' म्हण ना, इझी आहे," मुलाने सांगितलं होतं. म्हणजे राज्यांचे हक्क. मी तेच म्हटलं.

"कशाचा राइट, ताई?" सर म्हणाले. मग त्यांनी त्या युद्धाच्याही आधीचं भांडण सांगितलं. परदेशी मालावर सरकारने जकात वाढवली. उत्तरेतल्या गिरण्यांचं भलं झालं, दक्षिणेतल्या कापूसवाल्यांना माल महाग पडला. साउथ कॅरोलायना म्हणालं, हा कायदा आमच्या राज्यात चालणार नाही.

"बरोबरच आहे की! त्यांच्या राज्यात त्यांचं नको चालायला?"

"त्यांचं म्हणजे कुणाचं? कापूस वेचणाऱ्यांना कुणी विचारलं? आज जकात मानत नाही म्हणायचं, म्हणजे उद्या गुलाम सोडा म्हटलं तर तेही मानायला नको!"

पाटलाच्या वावरात कापूस वेचण्यातच माझी शाळा गेली. आम्हाला तरी कुणी काय विचारलं होतं...

"मग मी 'स्लेव्हरी'च म्हणणार," मी म्हटलं.

"मार्क तेवढेच मिळतील हं," सर हसले.

"मिळू द्या."

सर गेल्यावर पुढच्याच आठवड्यात इंटरव्ह्यू झाला. पुरेशी उत्तरं बरोबर आली, तशी ऑफिसर बाई थांबली. पास झालात म्हणाली. तो प्रश्न आलाच नाही. मी उठले नाही.

"सिव्हिल वॉर," मी म्हटलं. "स्लेव्हरी."

"मी ते विचारलं नाही, मॅम," ती इंग्रजीत म्हणाली.

"येस. बट आय टेल."

सरांचा रविवारचा वर्ग आम्ही बंद पडू दिलेला नाही. प्रश्न आता मी विचारते.