मालिनीच्या मापाचं फावडं

श्रीधर पेंढरकर नव्या माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नाही, खांद्यांकडे बघतो. समोरच्याला वाटतं, लाजाळू आहे बिचारा. लाजाळू कसला, माप घेत असतो. आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाचं वाढप चालू असताना त्याने एकाच्या हातातला डाव काढून घेतला, मूठ वेगळी धरून दाखवली आणि अशी धर, मनगट दुखणार नाही, असं सांगून परत दिला. रांगेतली माणसं ताटं घेऊन ताटकळत होती. त्या दिवशी मसालेभात कसा झाला होता हे त्याला आजही सांगता येणार नाही. डावाचा दांडा किती आखूड होता ते मात्र सांगेल.

कापेल आन डेन आयसेल या डच गावात आमची घरं समोरासमोर आहेत. मी नीलांबरी. सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते, आणि ही सवय घरी आल्यावरही सुटत नाही. श्रीधरशी माझं पटतं ते त्यामुळेच. तो डेल्फ्टला डिझाइन शिकायला आला आणि परत जायचं राहून गेलं. खाउडाच्या बाजूला एक लहानशी कंपनी बागेची अवजारं बनवते, तिथे तो चिकटला तो चिकटलाच. दाताळी, खुरपी, खिडक्या पुसायचे लांब दांडे, सगळ्यांच्या मुठी त्याच्या. मग कंपनीला नॉर्वे आणि ऑस्ट्रियातली गिऱ्हाइकं मिळाली आणि श्रीधर बर्फ उपसायच्या फावड्यांकडे वळला.

मी त्याला पुष्कळ छळलं यावरून. आपल्याकडे दोन दिवस भुरभुरतं आणि तिसऱ्या दिवशी चिखल, आणि हा बर्फाची फावडी करतोय. श्रीधरला थट्टा कळत नाही. तो गंभीरपणे नॉर्वेतल्या म्हाताऱ्यांच्या कमरा समजावून सांगायचा. साध्या फावड्याने बर्फ उचलताना खालचा हात पार तळाशी न्यावा लागतो, माणूस वाकतो, आणि भार पाठीवर येतो. म्हणून त्याने दांड्याच्या मध्यावर दुसरी मूठ बसवली. ती खालच्या हाताने धरायची, म्हणजे वाकायला नको. ऐकायला सोपं वाटतं. ती मूठ नेमकी कुठे बसवायची, यात त्याची दोन वर्षं गेली.

त्याची तपासायची पद्धत मला फार आवडायची. वापरणाऱ्याला कधी विचारायचं नाही, हा त्याचा नियम. विचारलं की माणूस बरं आहे म्हणतो, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून. कंपनीच्या मागे एक मोठी शेड आहे. तिथे ओल्या भुश्शाचे ढीग घालायचे, लोकांच्या हातात फावडी द्यायची आणि आपण भिंतीशी हात मागे बांधून उभं राहायचं. खांदा कानाकडे चढला की अवजार नापास. माणूस तोंडाने काहीही म्हणो. मी माझ्या ऑफिसात हा नियम सांगितला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

त्याची बायको मालिनी सांगलीची. पाच फुटांना जेमतेम टेकलेली, कृष्णेत पोहत मोठी झालेली. इथे आल्यावरही ती दर शनिवारी तलावावर जायची. पुढे क्लोरीनने डोळे चुरचुरतात म्हणून सोडलं, असं श्रीधर सांगायचा. मालिनीचं आणखी एक म्हणजे पोळ्या. मऊ, पदर सुटलेल्या. सणाला सगळं मंडळ तिच्याकडे पोळ्या मागायचं आणि ती नाही म्हणायची नाही. श्रीधर तसा कशालाच हट्ट न करणारा माणूस, काहीही पानात पडलं तरी मुकाट जेवणारा. फक्त पोळी तव्यावरची हवी. सुपरमार्केटातली गोठवलेली पोळी त्याने एकदा खाल्ली आणि पुठ्ठा म्हणून बाजूला ठेवली. त्यानंतर ती त्या घरात आली नाही.

कोरोना आला आणि कंपनीची शेड बंद झाली. श्रीधर लग्नानंतर पहिल्यांदाच दिवसाउजेडी घरात दिसायला लागला. जेवणाच्या टेबलावर दांडे, मुठी, गोंद. त्यातच कंपनीने कमी उंचीच्या माणसांसाठी लहान फावडं मागितलं आणि तपासायला माणसं मिळेनात. कोणाला बोलवायची सोय नव्हती. श्रीधर कासावीस झाला. आकडे जुळत होते, पण खांदे बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना.

आणि फेब्रुवारीत, २०२१ च्या, खरोखरच बर्फ पडला. रविवारी सकाळी दार उघडलं तर गल्ली गायब. वारा असा की बर्फ आडवा येत होता. आपापल्या दारापुढची वाट आपण साफ करायची, ही इथली रीत. लोक जे मिळेल ते घेऊन बाहेर पडले. कोणाकडे खराटा, कोणाकडे बागेतली कुदळ, एक आजी तर केराची सुपली घेऊन. श्रीधरला आनंद मावेना. त्याने लहान फावडं काढलं, मालिनीला कोट चढवायला लावला आणि स्वतः फोनवर चित्रण करत माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. तिला फक्त एवढंच सांगितलं की तुला वाटेल तसं कर.

मालिनीने बर्फ ढकलला छान. उचलून बाजूला टाकायची वेळ आली तेव्हा मात्र उजवा हात छातीच्या वर जाईना. तिने फावडं खाली ठेवलं, डाव्या हाताने कसाबसा बर्फ लोटला, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. श्रीधरला वाटलं मूठ चुकली. त्याने फावडं माझ्या हातात दिलं. मीही काही उंच नाही, पण मला ते सहज उचलता आलं. इतकं हलकं की मी माझीही वाट साफ करून टाकली.

कोरोनाच्या नियमाने दिवसाला एकच पाहुणा घरी येऊ शकत होता. त्या दिवशी ती मी. चहा घेत आम्ही टेबलावर चित्रण बघत होतो. श्रीधरने ते सुरुवातीला नेऊन थांबवलं, पुन्हा थांबवलं. मालिनीने फावडं अजून उचललंही नव्हतं, नुसती उभी होती, आणि उजवा खांदा कानाला टेकायला आला होता. डावा होता तिथेच.

कधीपासून, असं त्याने विचारलं. बरीच वर्षं झाली, असं ती म्हणाली, जणू गल्लीतल्या झाडाबद्दल सांगावं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, दोनदा जाऊन आली होती. पॅरासिटामॉल घ्या, नाही थांबलं तर फिजिओकडे जा, असं त्यांनी सांगितलं होतं. तेवढं बोलून ती पोळ्या करायला उठली, कारण मी जेवायला थांबणार होते.

श्रीधर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. हात मागे बांधून. शेडमध्ये उभा राहायचा तसाच असणार. ओटा डच उंचीचा, मालिनीच्या बरगड्यांपर्यंत येणारा. ती टाचा उचलून पोळपाटावर कलली, लाटणं दाबलं आणि उजवा खांदा वर गेला. पोळी फिरवली, खांदा वर. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. पहिली पोळी झाली, दुसरी झाली, आणि मग तो बाहेर येऊन माझ्यासमोर बसला. त्याचा चेहरा मी तोपर्यंत तसा कधी पाहिला नव्हता.

"हा ओटा मी घेतलाय," तो म्हणाला. "ऋजुताच्या वेळी मालिनी बाळंतपणाला सांगलीला गेली होती. ती यायच्या आत घर तयार करायचं होतं मला. दुकानातल्या बाईने विचारलं, स्वयंपाक कोण करतं, त्यांची उंची किती? मी म्हटलं, स्टँडर्ड ठेवा. घर विकताना बरं पडतं."

ते घर त्यांनी कधी विकलं नाही. विकायचा विषयही निघाला नाही. माहेराहून बाळ घेऊन आलेल्या मालिनीला त्याने डोळे मिटायला लावून स्वयंपाकघरात नेलं होतं. ती खूश झाली होती, हे मालिनीनेच मला सांगितलं होतं. त्या दिवशी मला श्रीधरचा रागही आला आणि कीवही. त्याच्या पानातली पोळी तशीच राहिली. मी माझी खाल्ली. न खाऊन कोणाचा खांदा बरा होणार होता?

लहान फावड्याची मूठ त्याने पुन्हा बदलली. दुखऱ्या खांद्याच्या माणसालाही बर्फ न उचलता कडेला सारता येईल असं पातं केलं, मालिनीचं चित्रण समोर ठेवून. ते फावडं नॉर्वेत भरपूर खपतं म्हणे. इतक्या वर्षांत त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम ते. मला हे त्याच्या कंपनीच्या वेबसाइटवरून कळलं, त्याने स्वतः सांगितलं नाही.

खांद्याच्या तपासण्या झाल्या. स्नायू हाडापासून कधीचाच सुटत आला होता. रुग्णालयं कोरोनाने भरलेली, त्यामुळे शस्त्रक्रिया पुढे पुढे जात राहिली. डॉक्टर फोनवरच भेटायचे. एकदा फोन झाल्याबरोबर श्रीधर धावत माझ्या दाराशी आला आणि दीड मीटरवरून त्याने आनंदाने सांगितलं की शस्त्रक्रियेनंतर खांद्याच्या खालची सगळी कामं करता येतील. डोक्यावर हात नेऊन जोर लावणं मात्र आता कायमचं बंद. पण आपण डॉक्टरांना लाटणं म्हणजे काय ते नीट समजावलं, पोळ्या लाटता येतील असं ते म्हणाले, हे त्याने दोनदा सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते. नवरा असावा तर असा, असं मी त्या दिवशी माझ्या घरात बोलूनही दाखवलं.

तो उन्हाळा त्याने ओट्याला दिला. कपाटं उतरवली, त्यांचे पाय कापले, नळ खाली घेतला, शेगडी खाली घेतली. मालिनीच्या कोपराचं माप तिला कळू न देता घेतलं, ती दारात उभी असताना चौकटीवर पेन्सिलने. मदतीला कोणालाही येऊ दिलं नाही. सप्टेंबरात मालिनीची शस्त्रक्रिया झाली, हात झोळीतून बाहेर आला, व्यायाम सुरू झाले. तोवर मराठी बायकांनी आळीपाळीने डबे पोचवले आणि श्रीधरने काहीही मुकाट खाल्लं.

पुढच्या जानेवारीत त्याने मला दुपारी जेवायला बोलावलं. कणीक त्याने स्वतः मळली होती. ऋजुता सोफ्यावर फोन घेऊन पडली होती. चौदा वर्षांची पोर, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. श्रीधरने मालिनीला ओट्याशी उभं केलं. पोळपाट बरोबर कोपराखाली आला. टाचा जमिनीवर. तिने लाटणं घेतलं, हलक्या हाताने एक पोळी लाटली, आणि खांदा जागचा हलला नाही. श्रीधर दारात उभा राहून बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही नकळत मान डोलावली.

मालिनीने पोळी तव्यावर टाकली. लाटणं ओट्यावर ठेवलं. हात पुसले.

"छान झालाय ओटा," ती म्हणाली. "पण मला पोळ्या करायच्या नव्हत्या, श्रीधर. मला कधीच आवडल्या नाहीत. मला पोहायचं होतं. डॉक्टर फोनवर होते तेव्हा मी शेजारीच बसले होते. तू पोळ्यांचं विचारलंस."

श्रीधर गोंधळला. पोहणं तर क्लोरीनमुळे सोडलं होतंस ना, असं काहीतरी पुटपुटला.

ऋजुताने फोनवरून मानही वर केली नाही. "बाबा, शी कुडन्ट लिफ्ट हर आर्म. एव्हरीवन ॲट द पूल न्यू."

श्रीधर ओट्याची कडा धरून उभा होता. कडा त्याने तासून गोल केली होती, मालिनीच्या मनगटाला लागू नये म्हणून. मला का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला नजर वळवावी लागली.

मालिनी रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू जगाचे खांदे बघत होतास," ती म्हणाली. "मला वाटायचं, एक दिवस दिसेल."

करपल्याचा वास यायला लागला तेव्हा मीच उठले आणि पोळी उलटली.