दहा दिवस पाणी, दोन दिवस गोळ्या

बबन मिस्त्री गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दुकानामागच्या नव्या भिंतीवर पाणी मारत होतो. भिंत त्यांनीच बांधलेली, आणि हुकूमही त्यांचाच... "धा दिस पानी मारायचं शेठ. नवव्या दिशी थांबलात तर मला पुन्हा बोलवू नका." त्या दिवशी नेमका नववा दिवस होता.

मंचरला माझं औषधांचं दुकान. निमगाव सावाचे हे गवंडी वीस वर्षं माझ्याकडे येत होते आणि वीस वर्षं मी त्यांच्यावर वैतागत होतो. भिंत अर्धवट भिजवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र दोन दिवसांत बंद करायचा. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या पंधरा लिहिल्या, की हे म्हणणार, "सहाच द्या. बरं वाटल्यावर बाकीच्यांचं काय लोणचं घालू?" त्या सहातल्याही दोन उरवून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. मग कामावर कुणाला ताप आला, कुणाची दाढ सुजली, की डबा उघडायचा. सगळ्या मजुरांचे डॉक्टर हेच!

एकदा चिडून मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. जंतूभोवती भिंत असते आणि तो ती सारखी बांधत असतो. पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध त्याच्या गवंड्याचा हातच धरून ठेवतं. सांधे जुळत नाहीत, भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं आणि जंतू फुटतो. पण काही जंतूंकडे या औषधालाच कापणारी कात्री असते. अर्धवट गोळ्यांनी साधे मरतात, कात्रीवाले उरतात, वाढतात, आणि ती कात्री शेजारच्या जंतूंनाही देतात. मिस्त्री मन लावून ऐकत होते. मला वाटलं, जिंकलो. तर म्हणाले, "लई हुशार गवंडी हाय राव त्यो!" आणि सहाच गोळ्या घेऊन गेले. काय करायचं अशा माणसाचं?

माझी भिंत पुरी झाली त्याच दिवशी त्यांच्या पायात सळई घुसली. मला सांगितलं नाही. चार दिवस डब्यातल्या गोळ्यांवर काढले. पाय टम्म फुगल्यावर दवाखान्यात नेलं, तोवर विष रक्तात गेलं होतं, आणि रिपोर्टात एकामागून एक औषध निकामी. हा जंतू डब्यातल्या गोळ्यांनीच पोसला का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. मी भेटायला गेलो तर धापा टाकत विचारतात, "पानी मारताय न्हवं?" मी त्यांच्यावर ओरडलो... आजारी माणसावर. त्याचं अजून वाईट वाटतं.

परवा त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, तो डबा घेऊन दुकानात आल्या. "भाऊ, ह्यांनी जपून ठेवल्यात. टाकवत न्हाई. कुणाच्या तरी कामी येतील." माझा पारा चढला. त्या गेल्यावर एकेक तुकडा काउंटरवर काढत गेलो. प्रत्येक पट्टीची कड सरळ, सफाईने कापलेली होती. ते "सहाच द्या" म्हणायचे, आणि वीस वर्षं मोजून सहा कापून देणारा मीच होतो. कात्री तिथेच, माझ्या हाताशी पडली होती.