चार बोटं वरचा तळ

आमच्याकडे कुणी नवा पाहुणा यायचा असला की मी आधीच निरोप धाडते, बाबा रे, हातात खोकं-बिकं असेल तर दाराबाहेर ठेवून ये. कारण आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या खोक्याचे सांधे उकलतात. एकदा एकाने नवे बूट आणले होते. बूट राहिले जमिनीवर, आणि ह्या खोकं सपाट करून, चष्मा कपाळावर चढवून त्यालाच झापायला लागल्या, "कुण्या गाढवाने काढलंय हे?" त्या बिचाऱ्याने फक्त बूट विकत घेतले होते हो!

वन्सं खोकी काढतात. चित्र काढावं तशी. सपाट पुठ्ठ्यावर रेघा मारायच्या, कापायची ती सरळ, दुमडायची ती तुटक. मग सुरीने कापायचं आणि दुमडत जायचं. बघता बघता पुठ्ठ्याचं खोकं होऊन उभं राहतं. कारखान्यात त्यांना सगळे घडीबाई म्हणतात. पाठीमागे हं, तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही. मी त्याच कारखान्यात पेस्टिंगच्या खोलीत, म्हणजे त्यांनी काढलेलं आम्ही बायका चिकटवतो. माझं लग्नही वन्संनीच जमवलं. माझा हात साफ चालतो म्हणून, असं त्या सांगतात. मी म्हणते, घरात भांडायला कुणी नव्हतं म्हणून.

त्यांचा एक हट्ट होता, आणि मालकांनाही तो पाळावा लागायचा. नवीन खोकं आधी आमच्या घरी नांदलं पाहिजे. साबणाच्या पावडरीचं असेल तर मोरीजवळ राहणार, औषधाचं असेल तर सासूबाईंच्या उशाशी. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. त्यांना कुणाला न विचारता उघडता आलं नाही तर वन्सं ते खोकं तिथंच फाडणार. आणि सासूबाईंना काहीएक सांगायचं नाही. "परीक्षा आहे म्हटलं की माणूस शहाण्यासारखं वागतं," वन्सं म्हणायच्या, "मला घरच्यासारखं वागलेलं बघायचंय."

तर बिस्किटवाल्यांचा माणूस आला. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गोड बोलणारा, जिभेवर नुसता पाक. म्हणाला, खोकं बाहेरून होतं तेवढंच ठेवायचं, आतला तळ तेवढा चार बोटं वर घ्यायचा. मालकांना कळायला वेळ लागला. वन्संना नाही लागला.

"म्हणजे खाली पोकळ?"

"बाई, वजन आम्ही खरंच छापणार. बारीक अक्षरात, पण खरं. सगळं कायद्यात बसतंय."

"बसू दे. मी काढणार नाही," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या.

मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. वन्सं बाजूलाही खणखणीतच बोलतात, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. मालक म्हणत होते, काढणार नसाल तर टेबल रिकामं करा; आणि ऑर्डर गेली तर पेस्टिंगच्या निम्म्या बायका घरी बसतील, त्यांना तुम्हीच समजावा.

त्या निम्म्यांत मी पहिली. घरी पोचल्यावर चपलासुद्धा न काढता मी तोंड सोडलं. "वन्सं, तुमचं तत्त्व घेऊन आम्ही काय चाटायचं? पोकळ तर पोकळ! तुमच्या बापाचं काय जातंय?" बोलून गेले, आणि मग ध्यानात आलं की त्यांचा बाप म्हणजे माझेच कैलासवासी सासरे. जीभ चावली. पण हटले नाही.

"मी वस्तूंना घरं बांधते," वन्सं म्हणाल्या. "रिकाम्या जागेला भिंती घालायचं मला जमत नाही."

"जमवा! मला घरी बसायचं नाहीये. माझी मैत्रीण आहे तिथं, माझा डबा आहे, माझा दिवस आहे. घरात बसून मी काय भिंतीशी बोलू?"

वन्संनी चष्मा काढून पदराला पुसला. "बरं. तुझ्यासाठी काढते," म्हणाल्या. "पण घरी नांदवल्याशिवाय पास करणार नाही. तिथं मग तू मध्ये पडायचं नाहीस."

आणि काय काढलं हो त्यांनी! राग राग करत काढलं, तरी हात थोडाच खोटा होतो? खालच्या पोकळीत पुठ्ठ्याचीच एक आडवी घडी अशी बसवली की बुडावर टिचकी मारली तरी भरल्यासारखा आवाज यावा. सॅम्पल मी माझ्या हाताने चिकटवलं आणि मनात म्हटलं, जिंकले. बिस्किटं भरली, खोकं घरी आणलं, सासूबाईंच्या उशाशी ठेवलं.

सासूबाई चहात बुडवून बिस्किटं खातात, आणि ह्याच मापाचं खोकं त्यांना बरेच दिवस पुरायचं. ह्या खेपेला लगेचच्या रविवारी दुपारी त्यांचा हात तळाला लागला. त्यांनी खोकं हलवलं. बाहेरून तळवा लावून उंची बघितली. म्हाताऱ्या झाल्या तरी खुळ्या नाहीत. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"खायची होती तर माझ्यासमोर खायची गं. चोरून कशाला?"

मला आधी कळलंच नाही. "कोण? मी?"

"मग कोण? तो दिवसभर बाहेर. थोरलीला गोड चालत नाही. उरलं कोण?"

आमचे हे नेमके घरात होते. सारवासारव करायला गेले शहाणे. "जाऊ दे ना आई, भूक लागली असेल तिला."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! इतकी वर्षं ह्या घरात राबले, त्या बाईंचं अंथरूण मी घालते, पाय मी चेपते, आणि आळ कशाचा, तर बिस्किटांचा! भांडायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. सगळ्यात वाईट म्हणजे मला कारण ठाऊक होतं. तो तळ मीच चिकटवला होता.

वन्संनी सुरी आणली. खोकं आईच्या मांडीवर ठेवलं, तळाखाली पातं सारलं आणि तो उचकटला. "हे बघ, आई. हिने काही खाल्लेलं नाही. इथं बिस्किटं नव्हतीच. ही चोरी मी केलीय."

सासूबाईंनी पोकळीत वाकडं बोट घालून बघितलं. "असं होय," म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या. पटलंय की नाही, काही कळेना.

वन्संनी मला स्वयंपाकघरात नेलं. माझे डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही, तसल्या गोष्टी त्यांना जमत नाहीत. "तुला निदान तळ ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "हे खोकं घरोघर जाणार. घरोघर कुणीतरी सून, कुणीतरी कामवाली, कुणीतरी लहान पोर अशीच रडणार. आणि तिला कधी कळायचंही नाही की चोर कुठं होता."

मी नाक शिंकरलं आणि भांडी आपटत घासली.

सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी पेस्टिंगच्या खोलीत सगळा प्रकार सांगून टाकला. बायका खो खो हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या.

बिस्किटवाला आलेलाच होता. मालकांनी विचारलं, "बाई, झालं का पास?"

"नापास. घरी नांदलं नाही."

"मग टेबल रिकामं करा."

आता मी मध्ये पडायचं नव्हतं, तसं ठरलं होतं. पण पाय थांबतात का! हाताला गोंद तसाच, मी आत घुसले आणि उचकटलेलं खोकं त्या गोडबोल्यासमोर आदळलं. "तळ वर कशाला घेता? बिस्किटं कमी द्यायचीत ना, मग खोकं लहान करा! लोकांना दिसू द्या कमी आहेत ते!"

तो हसला. "अहो ताई, दोन बिस्किटांचं एवढं काय मनावर घेता?"

"तुमच्यावर आलाय का कधी आळ दोन बिस्किटांचा? भरल्या घरात? आलाय?"

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मालक चिडले. "पुरे! काढणारे छप्पन मिळतील. चिकटवणाऱ्या ह्या बसल्यात ना इतक्या," म्हणत त्यांनी पेस्टिंगच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. "हे सॅम्पल घ्या आणि तळ बसवून दाखवा ह्यांना."

कुणी उठलं नाही. ब्रश डब्यांतच राहिले. कोपऱ्यातली एक हळूच म्हणाली, "मालक, मला सासू आहे." दुसरी म्हणाली, "मलाही." आणि आमच्यातली सगळ्यात म्हातारी, जिने जन्मात मालकांना उलट उत्तर दिलं नव्हतं, ती पदराला हात पुसत म्हणाली, "मी स्वतःच सासू आहे. मी तर सुनेला सोडलंच नसतं."

बिस्किटवाला ऑर्डर काढून घेऊन निघून गेला. त्याला फाटकापर्यंत सोडून मालक परत आले तेव्हा वन्सं आपल्या टेबलावर दोन्ही कोपर रोवून बसल्या होत्या. "उचलायचं तर माझ्यासकट उचला," म्हणाल्या. मालकांनी उचललं नाही. औषधांची, बुटांची, साबणांची खोकी राहिलीच होती, ती काय त्यांची बायको काढणार होती?

काम मात्र कमी झालं, खोटं कशाला सांगू. निम्म्या बायकांना घरी बसवायची भाषा मालकांनी पुन्हा काढली, तेव्हा आम्ही म्हटलं, बसवायचंच तर सगळ्यांना आळीपाळीने बसवा. आता आळीपाळीने जातो. माझ्या सुट्टीच्या दिवशी मला घर खायला उठतं, वन्संवर मी खेकसते, त्या माझ्यावर खेकसतात. पण कुणी म्हणालं ना, चुकलं तुमचं, तर मी त्याला उभं जाळीन.

हे सगळं सासूबाईंना मी सविस्तर सांगितलं. पाय चेपता चेपता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, आता म्हातारीला भरून येईल, माझ्या डोक्यावर हात ठेवतील.

"ते सगळं खरं गं," त्या म्हणाल्या. "पण खरं सांग हं, त्या दिवशी तू एकही नव्हतं खाल्लंस?"

मी पाय चेपायची थांबले. "आई, खाल्लं असतं ना, तर तुमच्या उशाशी बसून, तुम्हाला ऐकू जाईल असं कुडुमकुडुम करत खाल्लं असतं!"