काऊन नावाचा साक्षीदार

अर्जुनी मोरगावला कोर्टासमोर पत्र्याच्या शेडमध्ये शामकलाबाई सव्वीस वर्षं टायपिंग करत होती. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. वकिलांनी खरडून दिलेला कागद तिच्या हाताखालून गेला की तारखा जुळलेल्या असत, गट नंबर सुधारलेला असे, आणि मयत माणसाची सही मागणारं वाक्य गुपचूप गळालेलं असे. वकिलांना वाटे, आपण मुळातच बरं लिहितो. शामकलाबाईने त्यांचा हा समज कधी मोडला नाही.

मग गोंदियाहून हिमांशू वकील आला. बाप रेल्वेत, घरी हिंदी, शाळा रायपूरला. त्याच्या मोबाइलमध्ये एक एआयचं अ‍ॅप होतं. पक्षकाराने समोर बोलायचं, फोनने ऐकायचं, आणि दोन मिनिटांत कोर्टाच्या भाषेत प्रतिज्ञापत्र तयार. पहिल्याच दिवशी तो तिला प्रेमाने म्हणाला, "काकू, अब आपको सिर्फ प्रिंट निकालना है. पढ़ने की ज़रूरत नहीं."

शामकलाबाई "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"ला लोक वचकून असत, पण हिमांशू नवा होता.

चैतरामची केस त्याच्याकडे आली. चैतराम आणि शेजारचा छोटेलाल यांच्या धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड होतं, आणि फुलं कोणी वेचायची यावर दावा चालला होता. चैतरामने फोनसमोर बसून सरळ सांगितलं, "मी मोहाखाली फुलं वेचून राहिलो होतो. छोटेलाल आला, म्हणला, हात नोको लावू. मी म्हणलो, काऊन? काहीच बोलला नाही, निस्ता पाहून राहिला." हिमांशू तेव्हा दुसऱ्या फोनवर बोलत होता.

प्रिंट काढताना शामकलाबाईची नजर कागदावर गेलीच. लिहिलं होतं: 'वादी मोहाच्या झाडाखाली वास्तव्यास असताना व फुले वेचत असताना प्रतिवादी तेथे आला व त्याने मनाई केली. तेव्हा वादीने काऊन नामक इसमास हाक मारली. सदर इसमाने उत्तर दिले नाही व तो घटना पाहत तेथेच राहिला.'

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एरवी सहीआधी ती पक्षकाराला कागद वाचून दाखवायची. त्या दिवशी ते काम हिमांशूनेच उरकलं, इतक्या वेगात की चैतराम नुसता मान हलवत राहिला. शामकलाबाईने कागदांना टाचणी मारली आणि गप्प बसली.

तारखेच्या दिवशी ती कोर्टात मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. एरवी ती आत येत नसे. छोटेलालचे वकील नंदलाल तिथलेच, केस पांढरे झालेले. त्यांनी कागद वाचला तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं, पण चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

"चैतराम, हे काऊन कोण?"

"काऊन?" चैतरामने विचारलं.

"होय, काऊन."

"काऊन म्हंजे काऊन."

न्यायाधीश साताऱ्याकडचे, बदलून येऊन महिनाच झालेला. ते म्हणाले, "त्यांचं पूर्ण नाव सांगा. राहतात कुठे?"

चैतरामने जरा विचार केला. "साहेब, तो राहत नाही. तो म्हनावा लागते."

मागे कोणीतरी खोकल्याचं सोंग केलं. बाजूच्या लिपिकाने मान खाली घालून सांगितलं, "सर, काऊन म्हणजे का."

"का काय?"

"कशासाठी, सर. इकडे 'का'ला काऊन म्हणतात."

न्यायाधीशांनी कागद पुन्हा जवळ ओढला. "मग तुम्ही झाडाखाली वास्तव्यास होता, हे तरी खरं आहे ना?"

"घर हाये ना साहेब मले," चैतराम दुखावून म्हणाला. "तीन खोल्या हायेत."

आता छोटेलालसुद्धा हसून हसून बाकावर वाकला होता. न्यायाधीशांनी हिमांशूला दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगितलं, आणि ज्याच्यावर आपली सही आहे ते वाचत जा, एवढंच बोलले. पुढची तारीख पडली.

बाहेर शेडमध्ये चैतराम येऊन बसला. धानकापणीचे दिवस होते. त्याला आणखी एक दिवस मोडावा लागणार होता. शामकलाबाईची मजा तिथेच विरली.

"भाऊ, मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "म्या वाचलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"वकिलाची जिरवाची होती. तुमचा दिवस जाईल, हे ध्यानातच नाही आलं."

"जिरली का त्याची?"

"जिरली."

"मंग चाय पाज."

चहा अर्धा झाला तेव्हा हिमांशू आला, कान अजून लाल. "काकू, आपने पढ़ा था?"

"तुम्हीच म्हणले होते, वाचू नका."

तो बाकावर बसला. त्याने फोन खिशात टाकला. म्हणाला, "तो अब से पढ़िए."

तेव्हापासून पद्धत बदलली. पक्षकार आपल्या बोलीत बोलतो, शामकलाबाई तेच कोर्टाच्या मराठीत फोनला सांगते, फोन लिहितो, आणि सहीआधी ती सगळं सावकाश वाचून दाखवते. अर्ध्या दिवसाचं काम तासात होतं. फोनची ऱ्हस्व-दीर्घाची चूक होत नाही, हे ती मान्य करते, कोणी तीनदा विचारलं तर. आणखी दोन वकीलही आता तिच्याकडेच येतात.

दाव्याचं म्हणाल, तर त्या दिवशी चैतराम आणि छोटेलाल एकाच एसटीने परतले आणि गावापर्यंत काऊनचं पूर्ण नाव काय असावं यावर बोलत गेले. महिन्याभरात तडजोड झाली: उगवतीकडची फुलं चैतरामची, मावळतीकडची छोटेलालची. नंदलाल वकील चार दिवस नाराज होते.

तडजोडनामा फोनने चार मिनिटांत लिहिला. शामकलाबाईने तो दोनदा वाचला, चूक शोधत. एकही सापडली नाही. मग तिने 'परस्पर सामंजस्याने' खोडून 'आपसात' केलं, कारण नसताना एक स्वल्पविराम टाकला, आणि प्रिंट काढली.