अंगणातला निवाडा

दुपारी ओसरीच्या झोपाळ्यावर डुलकी लागली की बर्नाडिनला अंगणातल्या पेअरच्या झाडाखाली कोर्टाचा निवाडा माणसासारखा बसलेला दिसे. टोपी मांडीवर, बूट चकचकीत. बिचाऱ्याला कसली घाई नसे. पेअरचा पांढरा मोहोर खांद्यावर पडला तरी तो झटकत नसे.

त्याला आणलं एमिलने, तिच्या नवऱ्याने. कोळशाच्या ट्रकांना टायर उधारीवर घेतले, सही एकट्याची. धंदा बुडाला, टायरवाला कोर्टात जिंकला, आणि निवाडा जिल्ह्याच्या कचेरीत नोंदला गेला. नोंदला की एमिलच्या नावावर जे घरदार असेल त्यावर बोजा चढलाच. पण हे घर नवरा-बायकोंनी मिळून घेतलेलं, आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याला नवरा-बायको म्हणजे एकच माणूस. एकट्याचा बोजा दोघांच्या घराला लागेना.

"घटस्फोट घेतलात तर तो अर्ध्या घरात शिरेल," वकीलबाई बर्नाडिनला म्हणाल्या होत्या. "तुम्ही आधी देवाघरी गेलात तर अख्ख्या घरात. एमिल आधी गेला तर आल्या वाटेनं परत."

म्हणून एमिल शेजारच्या गावी, दारूच्या गुत्त्यावरच्या खोलीत राहायला गेला तरी घटस्फोट झाला नाही. लोक म्हणत, चर्चला घटस्फोट मान्य नाही म्हणून थांबलीय, केवढी श्रद्धाळू बाई! श्रद्धा कसली डोंबलाची. दर रविवारी चर्चनंतर एमिल जेवायला येई, आणि कोबी-नूडल्सची हालुश्की वाढताना ती विचारी, "तब्येत?"

"ठणठणीत. वाईट वाटलं ना?"

"वाटणारच. वजनही वाढलंय मेल्याचं."

एकत्र नांदताना ती दोघं कधी एवढी हसली नव्हती.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, बर्नाडिनचं हृदय थकलंय. त्या दुपारी निवाडा झाडाखालून उठून ओसरीच्या पायरीवर आला. "गार वारा सुटलाय," तो अदबीने म्हणाला. तिला त्याचा रागच येईना. पण आत मुलगी रेनाटा पोरांना झोपवत होती. त्यांना दुसरं छप्पर नव्हतं. बर्नाडिन दचकून जागी झाली आणि भीतीने रडली.

रविवारी तिने सांगून टाकलं. "एमिल, एक वाट होती. दोघांनी सही करून घर रेनाटाच्या नावावर करता येतं. मग निवाडा घराला शिवतसुद्धा नाही. वकीलबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर घटस्फोट न घ्यायला निमित्त काय उरलं असतं? तू रविवारी कशाला आला असतास?"

एमिलने काटा खाली ठेवला.

"बर्नी, मी पहिल्याच वर्षी वकिलाला विचारून आलो होतो," तो म्हणाला. "मलाही ठाऊक होतं."

"आणि तूही गप्प बसलास? गाढवा!"

"उद्या जाऊ. सही करू."

तिने डोळे पुसले आणि त्याला आणखी वाढलं. त्या रात्री एमिल गुत्त्यावरच्या खोलीवर परत गेला नाही.