कोबीच्या बगलेतले कोंब

बापलेकाचं भांडण झालं नाही असा दिवस आमच्या घरात क्वचितच उजाडायचा. मोटारपंप कोणी बंद केला यावरून भांडण, धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, बाया किती सांगायच्या यावरून भांडण. वरणात मीठ मी कमी घातलं, तरी भांडायचे ते दोघंच. पोराचे बाबूजी म्हणजे नाकावर राग, आणि पोरगा गेला त्यांच्याच वळणावर. "काऊन बे?" इथून सुरुवात व्हायची, आणि घटकाभरानं पाहावं तर दोघंही एकाच सुपातल्या शेंगा सोलून खात बसलेले. शेजारीण म्हणायची, "तुमच्या घरी रेडिओची गरजच नाही वो बाई."

बारावीनंतर पोरगा नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटजवळ एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला लागला, तेव्हा मात्र ते भांडण संपलं. "घरी धानाच्या बांद्या असून माया पोट्टा लोकायचे उष्टे भांडे घासून राहिला," एवढं हे एकदा बोलले, आणि मग तोंडच मिटलं. पोरगा भांडी घासता घासता कांदे चिरायला लागला, मग कढईपाशी उभा राहिला, मग नागपूरला मोठ्या हॉटेलात गेला. दिवाळीला यायचा. माझ्याशी बोलायचा आणि परत जायचा. एकदा माझ्याजवळ बसून म्हणाला, "आई, रोज दोनशे लोकायले जेवू घालतो मी. बाबूजीनं एकदा माया हातचं खाल्लं पाहिजे वो. बस, एकदा."

मी तोंडाची फाटकी, साऱ्या गावाला ऐकवीन, पण ह्यांच्यापुढं माझंही काही चालायचं नाही.

तीन दिवाळ्या अशाच गेल्या. चौथ्या दिवाळीला कोण जाणे काय झालं, धान चांगलं पिकलं होतं म्हणा की वय झालं म्हणा, ह्यांनीच विषय काढला. अंगणात बाजेवर बसून म्हणाले, "काय गा, करतोस तरी काय तू तिथं?"

पोराला काय सांगू आणि काय नको असं झालं. भडाभडा सांगायला लागला. एक इंग्रजी कोबी येते म्हणे, ब्रसल्स स्प्राउट. लोखंडावर करपेपर्यंत भाजायची, वरून गूळ, तिखट आणि चिंचेचा पाक सोडायचा. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी. मोठमोठे लोक बोटं चाटतात.

"पत्ताकोबी? आणि गोड?" ह्यांनी तोंड वाकडं केलं.

"खाऊन तर पाहा बाबूजी. बी आहे मायाजवळ. तुमी लावा. शिवरात्रीले येतो, तुमचा उपास मीच सोडवतो."

आता हे थू म्हणतील, असं वाटून मी पदर तोंडाला लावला. तर हे म्हणाले, "आण बी."

पोरानं कागदाची पुडी हातावर ठेवली आणि सांगू लागला, "बाबूजी, ही जरा येगळी असते..." तेवढ्यात ह्यांनी त्याचं बोलणं तोडलं. "कोबी लावणं आता तू शिकवशीन मले?" आणि दोघंही हसले. किती वर्षांनी! मी आत जाऊन देवापुढं दिवा लावला.

आता आमच्याकडं धानाचा माणूस भाजीला हात लावत नाही. घरामागच्या वाडीतली भेंडी-वांगी म्हणजे बायकांचं काम. पण त्या हिवाळ्यात ह्यांनी मला वाडीत पाय ठेवू दिला नाही. बोदलकशाच्या तलावाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं पाणी बादलीनं आणून घालायचे. शेणखत हातानं चुरून टाकायचे. रोपं मस्त उठली, कमरेला लागली. मग पानांच्या बगलेत गोल गोल कोंब दिसायला लागले, बोराएवढे.

कोबीला असे बगलेत फुटवे आले की आमच्यात ते खुडून टाकतात. नाहीतर रस सगळा तिकडं जातो आणि वरचा गड्डा बांधत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे रोज सकाळी चहाच्या आधी वाडीत जाऊन बसायचे आणि अंगठ्याच्या नखानं एकेक कोंब खुडायचे. नख हिरवं-काळं झालं होतं. "पाह्यजो, गड्डा कसा घागरीएवढा होते ते," मला म्हणायचे. पोराचा फोन आला की, "कोबी कशी आहे?" "एकदम मस्त आहे," एवढंच बोलणं. घरातला फोन बटणांचा, फोटोबिटो काही नाही.

खुडलेले कोंब फेकायचे कशाला? मी ते लाखोळीच्या डाळीत शिजवायचे. पार गाळ व्हायचा. हे खाताना म्हणायचे, "कडू लागते," आणि तरी ताट पुसून खायचे. सारा हिवाळा आम्ही ते खाल्ले.

शिवरात्रीला पोरगा आला. पिशवीत चांगला गूळ, भिवापुरी मिरचीचं तिखट, असं सगळं घेऊन आला. ह्यांचा उपास होता, तरी तोंडावर काय तेज! पोराला हाताला धरून वाडीत नेलं. मी मागून गेले.

वाडीत कमरेएवढे दांडे उभे होते. खालपासून वरपर्यंत नागडे, डोक्यावर तेवढी पानांची शेंडी. हे म्हणाले, "गड्डा उशिरा धरून राहिला, पण दांडा पाह्य, मनगटाएवढा आहे. एक फुटवा ठेवला नाही म्या."

पोरगा पाहतच राहिला. त्याचा चेहरा मी ओळखते. आता हा फुटतो, म्हणून मी वाटच पाहत होते. पण तो वाकला, दांड्यावरून हात फिरवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "छान वाढवली बाबूजी. खूप मेहनत घेतली तुमी."

इतकं गोड? माझ्या मनात पाल चुकचुकली.

चुलीपाशी आल्यावर त्यानं मला मोबाइलमध्ये चित्र दाखवलं. तसाच दांडा, आणि त्याला वरपासून खालपर्यंत ते कोंब लगडलेले. गड्डा म्हणून काही नसतोच त्या झाडाला. ते कोंब म्हणजेच ती भाजी.

"अगं बाई! हे तर आम्ही खाऊन बसलो रे!" मी कपाळावर हात मारला. करायला गेले गणपती अन् झालं माकड, तशी गत. पोराला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, "जा, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग त्यायले. भांड चांगला. म्हण, बाबूजी, तुमी माया कोबीचा सत्यानाश केला."

"जाऊ दे आई. इतक्या हौसेनं केलं त्यायनं. कायले मन दुखवायचं? तू पण सांगजो नोको. शपथ आहे तुले माही."

दुसऱ्या दिवशी पारण्याला हे आंघोळ करून, धोतर नेसून पाटावर येऊन बसले. पोरानं सांगितलं, "बाबूजी, गड्डा अजून तयार नाही झाला. पुढच्या येळी नक्की करतो. आज दुसरं काही बनवू का?" ह्यांनी धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाले, "नोको. बनवशीन तं तेच बनव. थांबतो मी." आणि मी केलेल्या वरणभातावर उपास सुटला. संध्याकाळच्या गाडीनं पोरगा गेला.

हे खरंच थांबले. चैताच्या उन्हात त्या शेंड्यांना पिवळी फुलं आली, तरी पाणी घालत राहिले. शेवटी दांडे उपटून बैलापुढं टाकले आणि मला म्हणाले, "माया हाताले भाजी येत नाही. पोट्ट्यानं एक गोष्ट मांगतली, तेही जमलं नाही." माझ्या जिभेवर आलं होतं. पण पोराची शपथ. आईनं पोराची शपथ कशी मोडायची? मी भांडी आपटत राहिले.

त्यानंतर पोरगा दोनदा आला. दोघं समोरासमोर बसायचे. पाऊसपाणी, तब्येत, नागपूरचं ऊन. आवाज कोणाचाच चढायचा नाही. शेजारणीनं विचारलं, "बरे आहेत ना वो दोघं?"

गेल्या थंडीत पोरानं नागपूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती मोठा डबा पाठवला. आत तेच कोंब, हिरवेगार, घट्ट. फोनवर म्हणाला, "मले सुट्टी नाही भेटत आई. तू करून घाल त्यायले. मधोमध चिर, म्हणजे ओळखू येणार नाही."

मी तांदळाचा चिला करायचा लोखंडी तवा चढवला. कोंबांचे दोन दोन भाग केले, तेल-मीठ चोळलं, चिरलेली बाजू खाली ठेवून मांडले. पोरानं बजावलं होतं, हलवायचं नाही, करपल्याचा वास आला तरी हात लावायचा नाही. माझा हात नुसता शिवशिवत होता. सुटी झालेली पानं कडेला तडतडून पापडासारखी झाली. उलटवून पाहिले तर खालून काळे-तांबडे. दुसऱ्या वाटीत गूळ, तिखट, चिंचेचा कोळ आणि ठेचलेला लसूण उकळून दाट केला होता. तो अगदी शेवटी ओतला, एकदाच हलवला आणि तवा उतरवला. जास्त वेळ ठेवलं की मऊ पडतं, असं त्यानं सांगितलं होतं.

ह्यांच्या पुढं ताट ठेवलं. "पोरानं पाठवलं. त्याच्या रीतीनं केलं," एवढंच मी बोलले. पहिला घास कुरकुर वाजला. डोळे मिटले ह्यांनी. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. चौथा तोंडाशी नेला आणि थांबले. बोटात धरून फिरवला. दांड्याला जिथं चिकटलेला असतो ती जागा अंगठ्यानं चाचपली. सारा हिवाळा जी जागा नखाखालून गेली, ती पाकात बुडवली म्हणून का चुकणार होती?

"हे तं तेच कोंब आहेत," म्हणाले.

मी तवा खरवडायला घेतला.

"त्याले मालूम होतं? शिवरात्रीले?"

"हो."

"आणि तुले?"

"त्यानं शपथ घातली होती."

मला वाटलं, आता ताट भिरकावतात. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण हे खाली मान घालून म्हणाले, "मंग मले शिव्या काऊन नाही देल्ल्या त्यानं? माही चूक झाली होती, वो. त्यानं वरडायचं होतं, म्या वरडलो असतो. बापच आहो ना त्याचा? पाहुण्याले ठेवते तसं ठेवलं मले."

खरंच होतं ते.

"लाव फोन," म्हणाले. "आज असा झाडतो त्याले, का पूछो मत. आणि त्यालेही म्हणतो, झाड मले."

मी नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. माझी छाती धडधडत होती, पण खरं सांगते, आनंदानं. होऊ दे एकदाचं भांडण. सारं गाव जागं होऊ दे.

"नमस्कार बाबूजी," पलीकडून पोराचा आवाज आला, अगदी मऊ, अगदी साफ. "तब्येत बरी आहे ना? भाजी कशी वाटली?"

ह्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं. मग घसा साफ केला आणि गावात कोणी साहेब आला की ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणाले, "छान होती बेटा. तू आठवणीनं पाठवली. थँक्यू."

तिकडून भांड्यांचा खणखणाट ऐकू आला.

"वेलकम, बाबूजी," पोरगा म्हणाला.